रेकॉर्डर लावला की फाइली आपोआप उतरतात: लिनक्समध्ये हे नेमकं घडतं कसं?

ग्वाल्हेरात कीर्तन आणि गाणं यांना वेगळं काढता येत नाही. तानसेन समारोहाची सुरुवातही ढोलीबुवांच्या परंपरेतल्या हरिकथेने आणि मिलादने होते. लष्कर भागातल्या मराठी घरांत आणि मंडळांत वर्षभर छोट्या बैठका चालू असतात, आणि आता त्यांचं ध्वनिमुद्रण हातात मावणाऱ्या डिजिटल रेकॉर्डरवर होतं. मुद्रण करणं सोपं झालं, पण ते टिकवणं झालं नाही. कार्यक्रम संपतो, रेकॉर्डर पिशवीत जातो, आणि पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी ‘कार्ड भरलंय’ म्हणून कुणीतरी घाईघाईत जुनं पुसून टाकतं. असं गेलेलं गाणं परत येत नाही.

आमच्या मंडळात रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या काकांची मागणी अगदी सरळ होती: “बाळा, मला ते फोल्डर-बिल्डर उघडायला लावू नकोस. केबल लावली की कम्प्यूटरने आपलं आपण सगळं उतरवून घेतलं पाहिजे.” मागणी रास्त आहे आणि पूर्ण करता येण्यासारखीही आहे. मंडळाच्या जुन्या कम्प्यूटरवर लिनक्स आहे, आणि उपकरण ओळखून ठरलेलं काम सुरू करण्याची सोय लिनक्समध्ये मुळातच असते. ती वापरण्याआधी आत काय चालतं हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. इंटरनेटवरून दोन ओळी उचलून चिकटवल्या तर काम बहुतेक वेळा अर्धवट होतं, आणि ते का झालं नाही हेही कळत नाही.

केबल लावल्या क्षणी

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. उपकरण जोडलं गेलं की ते माहितीच्या एका तारेवर १.५ किलोओहमच्या रोधाने व्होल्टेज वर खेचतं. पोर्टला एवढ्यावरून कळतं की काहीतरी आलंय. मग कम्प्यूटर त्या उपकरणाला रीसेट करतो, १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि विचारतो, तू कोण?

उत्तरादाखल उपकरण १८ बाइटांचा एक तुकडा पाठवतं. त्यात कंपनीचा क्रमांक आणि मालाचा क्रमांक असतो. दोन्ही १६ बिटांचे, म्हणून ते चार हेक्साडेसिमल अंकांत लिहितात. कंपन्यांना हे क्रमांक यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम ही संस्था देते. सॅनडिस्कचा क्रमांक ०७८१ आहे. याशिवाय उपकरणाला स्वतःचा सीरियल नंबर असू शकतो, पण तो सक्तीचा नाही. स्वस्तातली पुष्कळ उपकरणं तो देतच नाहीत, किंवा एकाच खेपेतल्या सगळ्यांना सारखाच देतात.

एवढी माहिती मिळाली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ते उपकरण चालवणारा योग्य ड्रायव्हर शोधतो. रेकॉर्डर किंवा पेनड्राइव्ह असेल तर पुढे एक साखळीच सुरू होते. आधी यूएसबी उपकरण दिसतं, मग त्याचा इंटरफेस, मग स्कझी या डिस्कशी बोलायच्या पद्धतीचं एक होस्ट, मग त्यावरची डिस्क, मग डिस्कवरचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग. साखळीतल्या प्रत्येक कडीला कर्नल ‘हे नवीन जोडलं गेलं’ असा एक छोटा निरोप सोडतो. त्याला यूइव्हेंट म्हणतात. काकांनी केबल एकदाच लावली, पण कम्प्यूटरच्या आत अशा दहापेक्षा जास्त घटना घडल्या. हे पक्कं लक्षात ठेवा. ‘माझी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) एकाच वेळी सात-आठदा का चालली?’ या नेहमीच्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे.

हे निरोप ऐकणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव यूडेव्ह. तो २००३ साली आला, ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. त्याआधी कर्नल प्रत्येक घटनेसाठी हॉटप्लग नावाचा वेगळा प्रोग्रॅम नव्याने चालवायचा, आणि कम्प्यूटर सुरू होताना अशा शेकडो प्रक्रियांची गर्दी व्हायची. आता निरोप नेटलिंक नावाच्या वाटेने सरळ यूडेव्हकडे येतात. २०१२ मध्ये यूडेव्हचा कोड सिस्टमडी या, लिनक्समधली पार्श्वभूमीतली कामं सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रकल्पात सामील झाला. उबुंटू, डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या नेहमीच्या वितरणांत तो सिस्टमडीबरोबरच येतो.

यूडेव्हचं स्वतःचं काम उपकरणांना ओळखणं, नाव देणं आणि कोणाला परवानगी आहे ते ठरवणं. आपण त्याला आपले नियम देऊ शकतो, आणि आपल्या कामाची सुरुवात तिथूनच होते.

आधी ऐका, मग नियम लिहा

नियम लिहायला बसण्याआधी टर्मिनल उघडून यूडेव्हॲडम या आज्ञेला मॉनिटर हा शब्द जोडून चालवा आणि रेकॉर्डर लावा. वर सांगितलेली अख्खी साखळी डोळ्यांसमोर सरकते. मग त्याच आज्ञेचा इन्फो हा प्रकार वापरून त्या उपकरणाबद्दल यूडेव्हला काय काय माहीत आहे ते बघा. कंपनीचा क्रमांक, सीरियल, फाइलसिस्टमचा (कार्डावर फाइली मांडायच्या पद्धतीचा) प्रकार, लेबल, यूयूआयडी (फॉरमॅट करताना मिळणारा ओळख क्रमांक) सगळं तिथे दिसतं. माझं मत विचाराल तर निम्मं काम इथेच होतं. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात आणि दुसऱ्याच्या उपकरणाचे क्रमांक आपल्या नियमात ठेवून तासन्‌तास चुका शोधत बसतात.

आपले नियम एट्सी फोल्डरातल्या यूडेव्हच्या ‘रूल्स डॉट डी’ या फोल्डरात राहतात. फाइलचं नाव आकड्याने सुरू करायची आणि शेवटी ‘डॉट रूल्स’ लावायची पद्धत आहे. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून आकड्याला अर्थ आहे. फाइलसिस्टमचं लेबल आणि यूयूआयडी शोधणारा यूडेव्हचा स्वतःचा नियम ६० क्रमांकाच्या फाइलीत असतो. तुमचा नियम त्या माहितीवर अवलंबून असेल आणि तुम्ही फाइलीला ५० आकडा दिलात, तर तुमची पाळी येईल तेव्हा ती माहिती अजून तयारच झालेली नसेल. ९० द्या.

नियम म्हणजे एक ओळ. आधी अटी, मग कृती. आमच्या रेकॉर्डरसाठी अटी अशा: घटना जोडण्याची असावी, उपकरण ब्लॉक या, म्हणजे डिस्कसारख्या साठवणाच्या उपकरणांच्या गटातलं असावं, त्यावर वापरता येणारी फाइलसिस्टम असावी, आणि सीरियल नंबर आमच्या रेकॉर्डरचाच असावा. तिसरी अट महत्त्वाची आहे. साखळीतल्या बाकीच्या कड्या तिथे गळून पडतात आणि एकच घटना उरते. पुष्कळ ठिकाणी ‘पार्टिशन असावं’ अशी अट घालतात. तीही चालते, पण काही कार्डांवर पार्टिशनच नसतं, अख्ख्या कार्डावर थेट फाइलसिस्टम असते. तिथे ती अट फसते.

अटींमध्ये दोन बरोबरची चिन्हं लावतात, कारण ती तुलना आहे. एकच चिन्ह म्हणजे नवी किंमत देणं. एक चिन्ह गळलं तर ‘सीरियल नंबर हा आहे का?’ असं विचारण्याऐवजी ‘याचा सीरियल नंबर हा आहे’ असं प्रत्येक उपकरणाला सांगितलं जातं. मग शेजारच्यांचा पेनड्राइव्ह लावला तरी तो आपलाच रेकॉर्डर समजला जातो. दिसायला बारीक, शोधायला फार त्रासदायक.

आता ओळख कशावरून पटवायची? कार्डाच्या यूयूआयडीवरून पटवावी असं आधी वाटतं. पण रेकॉर्डरमधलं कार्ड लोक अधूनमधून फॉरमॅट करतात, आणि फॉरमॅट केलं की तो क्रमांक बदलतो. म्हणून रेकॉर्डर केबलने जोडणार असाल तर रेकॉर्डरचा सीरियल नंबर बरा. कार्ड काढून कार्डरीडरमध्ये घालणार असाल तर गोष्ट उलटी. तिथे सीरियल रीडरचा असतो, कार्डाचा नव्हे, आणि त्या रीडरमध्ये लग्नाच्या फोटोंचं कार्डही येऊ शकतं. तेव्हा लेबल बघा, आणि फॉरमॅट केल्यावर तेच लेबल पुन्हा द्यायची सवय लावा. रीडर आधीपासून जोडलेला असेल तर कार्ड घातल्यावर रीडरच्या डिस्कसाठी ‘जोडलं’ अशी घटना येत नाही, ‘बदललं’ अशी येते. ‘जोडलं’ ही घटना कार्डावरच्या पार्टिशनसाठी येते.

काम यूडेव्हच्या गळ्यात घालू नका

नियमाच्या कृतीच्या भागात ‘रन’ असा एक शब्द वापरता येतो. त्यापुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहिला की अटी जुळताच ती चालते. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

साध्या हिशोबाने बघू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ मुद्रणाला सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात, म्हणजे तासाला साधारण १.०४ जीबी. उत्सवात सहा तासांचं मुद्रण झालं तर सव्वासहा जीबीच्या आसपास. रेकॉर्डरमधून सेकंदाला २० एमबीचा वेग मिळाला तरी पाच मिनिटांहून जास्त वेळ लागणार. आणि यूडेव्ह एका घटनेला मुळात १८० सेकंदच देतो. त्यानंतर तो काम मारून टाकतो. स्क्रिप्टच्या शेवटी ‘अँड’चं चिन्ह लावून ती पार्श्वभूमीत ढकलायचा उपाय लोक सुचवतात, पण तोही चालत नाही. घटना हाताळून झाली की तिच्यातून निघालेल्या सगळ्या प्रक्रिया यूडेव्ह बंद करतो, मग त्या वेगळ्या झालेल्या असोत की नसोत.

आणखीही बंधनं आहेत. ‘रन’मधून चालणाऱ्या स्क्रिप्टला नेटवर्क मिळत नाही. तिने कार्ड माउंट केलं, म्हणजे त्यावरच्या फाइली वापरता येतील असं जोडून घेतलं, तरी ते बाकीच्या कम्प्यूटरला दिसत नाही, कारण यूडेव्ह स्वतःच्या वेगळ्या चौकटीत बंद असतो. तिच्यासमोर स्क्रीन नसते, वापरकर्त्याची कोणतीही सेटिंग नसते, आणि ती रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालते. ‘टर्मिनलमध्ये चालते, पण केबल लावल्यावर चालत नाही’ या तक्रारीची कारणं ही.

ही बंधनं जाचक वाटली तरी ती बरोबरच आहेत. वाड्याच्या देवडीवरचा माणूस आलेल्याला ओळखतो आणि आत वर्दी देतो. तोच स्वयंपाकाला लागला तर दार कोण बघणार? एकाच उपकरणाच्या पुढच्या घटना आधीची घटना संपेपर्यंत थांबून राहतात, त्यामुळे लांबलेलं काम पुढचं सगळं अडवतं.

म्हणून नियमाने फक्त वर्दी द्यावी. ‘रन’ऐवजी उपकरणाला ‘सिस्टमडी’ असा टॅग लावायचा आणि ‘सिस्टमडी वॉन्ट्स’ या नावाने आपल्या सेवेचं, म्हणजे सिस्टमडीने पार्श्वभूमीत चालवायच्या कामाचं, नाव द्यायचं. उपकरण दिसलं की सिस्टमडी ती सेवा सुरू करतो. सेवा यूडेव्हच्या चौकटीबाहेर चालते, तिला १८० सेकंदांची मर्यादा नसते, आणि ती काय काय बोलली ते सगळं जर्नल या नोंदवहीत नोंदलं जातं. सेवेच्या नावात ॲट-चं चिन्ह वापरून पुढे उपकरणाचं नाव जोडता येतं. मग दोन रेकॉर्डर एकाच वेळी लावले तर सेवेच्या दोन प्रती चालतात. सेवेचा प्रकार ‘वनशॉट’ ठेवावा: काम करायचं आणि संपायचं.

आता ही सेवा जी स्क्रिप्ट चालवते ती. तिने कार्ड ‘फक्त वाचण्यासाठी’ माउंट करावं. मुद्रण जिथे आहे तिथे आपण काहीही लिहायचं नाही, हे मी अटीसारखं पाळतो. मग आरसिंक या प्रती काढणाऱ्या प्रोग्रॅमने फाइली उतरवाव्यात. पण थेट एकाच फोल्डरात नको. रेकॉर्डर फॉरमॅट झाल्यावर फाइलींचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतात. मग दिवाळी पहाटेच्या फाइलीचं जे नाव, तेच रामनवमीच्या फाइलीचं. एकाच फोल्डरात उतरवल्या तर नवी जुनीच्या डोक्यावर बसते, म्हणजे जे वाचवायला निघालो तेच गमावतो. प्रत्येक वेळी तारीख आणि वेळ यांचा वेगळा फोल्डर करावा. तीच फाइल पुन्हा येऊ नये म्हणून शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलीच्या आतल्या माहितीवरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून जुन्या यादीशी ताडून बघावी. उतरवल्यावर प्रतीचा चेकसम मूळ फाइलीशी जुळतो का हेही बघावं, आणि मगच कार्ड अनमाउंट करावं.

कार्डावरून फाइली आपोआप पुसण्याची सोय मात्र मी ठेवणार नाही. पुसण्याचं काम माणसानेच करावं, प्रत डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकून.

काम चालू असताना कुणी केबल ओढली तर? सेवेला उपकरणाशी ‘बाइंड्स टू’ने बांधून ठेवलं तर उपकरण जाताच सेवा थांबते. आरसिंक फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवतो आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतो, त्यामुळे अर्धवट फाइल पूर्ण फाइल म्हणून मागे राहत नाही. आणि काम झालं हे काकांना कळायचं कसं? सिस्टम सेवेला त्यांच्या स्क्रीनवर थेट संदेश दाखवता येत नाही. त्यासाठी त्यांच्या सत्रात चालणारी एक छोटी वेगळी सेवा ठेवायची. नोंदींच्या फाइलीत ‘पूर्ण’ अशी ओळ आली की ती ‘आता केबल काढा’ असा मोठ्या अक्षरातला मराठी संदेश दाखवते.

नियम बदलल्यावर यूडेव्हॲडमला रीलोडची आज्ञा द्या आणि रेकॉर्डर काढून पुन्हा लावा. त्याच आज्ञेचा टेस्ट हा प्रकार कोणता नियम जुळला ते दाखवतो, पण ‘रन’मधले प्रोग्रॅम तो चालवत नाही. म्हणजे टेस्टमध्ये स्क्रिप्ट चालली नाही म्हणून नियम चुकला असं समजू नका.

काय चालवायचं ते कोण ठरवतं

ही सगळी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे. कोणता प्रोग्रॅम चालवायचा हे कम्प्यूटरवरच्या नियमात लिहिलेलं आहे. बाहेरून आलेल्या वस्तूला त्यात काही म्हणणं नाही. हा फरक किती मोठा आहे ते विंडोजच्या इतिहासात दिसतं. विंडोज ९५ मध्ये ऑटोरन आलं. सीडीवर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची फाइल असली की तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. सीडी कंपनीकडून छापून येत होत्या तोपर्यंत हे ठीक होतं. पेनड्राइव्ह हातोहात फिरायला लागल्यावर त्यावर कोणीही काहीही लिहू शकत होतं. नोव्हेंबर २००८ मध्ये दिसलेल्या कॉनफिकर या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, पसरण्यासाठी ही वाटसुद्धा वापरली. पुढे २००९ च्या विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ऑटोरन बंद झालं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही मायक्रोसॉफ्टने तसाच बदल पाठवला. आपल्याकडच्या सायबर कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानांतून पेनड्राइव्ह घरी आणणाऱ्यांना तो काळ चांगला आठवत असेल.

म्हणून लिनक्सवरही ‘पेनड्राइव्हवर अमुक नावाची स्क्रिप्ट असेल तर ती चालव’ असा नियम कधीही लिहू नका. ते ऑटोरनच झालं, तेही रूटच्या अधिकाराने. स्क्रिप्ट कम्प्यूटरवरच असावी, तिचा मालक रूट असावा, दुसऱ्या कोणाला ती बदलता येऊ नये. कार्डावरच्या फाइलींची नावंही बाहेरून आलेली असतात. स्क्रिप्टमध्ये ती नेहमी अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर नावातल्या मोकळ्या जागा आणि चिन्हं भलतेच अर्थ घेतात.

आणखी एक मर्यादा आहे. कंपनीचा क्रमांक, सीरियल, लेबल हे सगळं उपकरण स्वतः सांगतं, आणि ते खोटंही सांगू शकतं. ऑगस्ट २०१४ मध्ये कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी ब्लॅक हॅट परिषदेत दाखवून दिलं की पेनड्राइव्हच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, बदलून त्याला कीबोर्ड असल्याचं सोंग घेता येतं. मग तो आपण टाइप केल्यासारख्या आज्ञा देतो. या प्रकाराला बॅडयूएसबी म्हणतात. ओळख पटली म्हणून फाइली उतरवणं ठीक, कारण खोटा रेकॉर्डर आला तरी फार तर नको त्या फाइली एका फोल्डरात येतील. पण ओळख पटली म्हणून कुलूप उघडणं, पासवर्ड न विचारणं किंवा कम्प्यूटरवरची माहिती त्यावर लिहिणं, अशी कामं या ओळखीवर सोडू नयेत. ज्यांना पोर्टच राखायचे आहेत त्यांच्यासाठी यूएसबीगार्ड हा प्रोग्रॅम आहे. परवानगी दिलेल्या उपकरणांखेरीज बाकीच्यांना तो कर्नलच्या पातळीवरच थोपवतो.

रेकॉर्डरशी ज्यांना देणंघेणं नाही त्यांनाही हे नियम उपयोगी पडतात. इलेक्ट्रॉनिक्सचे प्रकल्प करणारी मुलं यूएसबी-सीरियलचे दोन ॲडॉप्टर लावतात. आज एकाला शून्य क्रमांक मिळतो, उद्या दुसऱ्याला. सीरियल नंबर बघून प्रत्येकाला कायमचं टोपणनाव देणारी एकेक ओळ लिहिली की हा घोळ मिटतो. त्याला स्क्रिप्टसुद्धा लागत नाही.

मॅकवर लाँचडी हे काम करतो. त्याच्या फाइलीत ‘स्टार्ट ऑन माउंट’ लिहिलं की कोणतीही डिस्क माउंट झाल्यावर स्क्रिप्ट सुरू होते. ती डिस्क आपलीच आहे का हे मात्र स्क्रिप्टनेच तपासायचं. विंडोजमध्ये टास्क शेड्युलरला इव्हेंट लॉगमधल्या नोंदीवर काम सुरू करायला सांगता येतं, पण त्यासाठी लागणारी ड्रायव्हर फ्रेमवर्कची नोंदवही आधी हाताने चालू करावी लागते, कारण ती मुळात बंद असते.